धुराची प्रतिष्ठा

राजवाडे, क्लब, मेजवान्या आणि रुपेरी पडदा यांतून सिगारेटला जे वलय लाभले, ते आपोआप निर्माण झाले नव्हते. ते कोणी घडवले, त्याची किंमत कोणी मोजली आणि अखेरीस ते व्यसन कोणाच्या पदरी पडले, याचा हा मागोवा.

तंबाखूचा शौक जगाला सिगारेटच्या कितीतरी आधीपासून आहे. कोणी ती चघळली, कोणी तपकीर म्हणून नाकात ओढली, कोणी चिलमीतून, हुक्क्यातून वा विडीतून तिचा धूर घेतला. या साऱ्या प्रकारांना आपापले शौकीन लाभले. पण श्रीमंती, सौंदर्य आणि आधुनिकता या तिन्हींची झळाळी एकाच वेळी मिळाली ती फक्त सिगारेटला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडन, पॅरिस वा न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू घरात पाहुण्यासमोर चांदीची सिगारेट-केस उघडून धरणे, हा आपल्याकडे तबकातून विडा पुढे करण्याइतकाच स्वाभाविक शिष्टाचार होता. आज तशाच घरात सिगारेट पेटवायची, तर पाहुण्याला ओशाळे होऊन गच्चीची वाट धरावी लागते. हे वैभव कसे आले आणि कसे गेले, हे समजून घेणे उद्बोधक आहे; कारण ज्या युक्त्यांनी सिगारेट मोठी झाली, त्या युक्त्या अजून निवृत्त झालेल्या नाहीत.

भिकाऱ्याकडून राजाकडे

गंमत अशी की, सिगारेटचा जन्म काही राजवाड्यातला नाही. स्पेनमधील सेव्हिल शहरात श्रीमंतांनी फेकलेली सिगारची थोटके गोळा करून, ती कुस्करून कागदात गुंडाळून ओढणारे भिकारी हे सिगारेटचे आद्य प्रवर्तक, असे तंबाखूचा इतिहास लिहिणारे सांगतात. १८५३ ते १८५६ या काळात क्रिमियाच्या युद्धात तुर्की सैनिकांच्या सहवासात ब्रिटिश अधिकाऱ्यांना कागदी सिगारेटची गोडी लागली आणि ते ती सवय लंडनच्या क्लबांमध्ये घेऊन आले. तोवर सभ्य समाजात मान होता तो सिगार आणि पाइप यांना.

व्हिक्टोरिया राणीला तंबाखूचा मनस्वी तिटकारा होता. तिच्या विंडसर येथील वाड्यात उतरलेले पाहुणे चोरून धूम्रपान करताना धूर शेकोटीच्या धुराड्यात सोडत, अशा कथा प्रसिद्ध आहेत. तिच्या थोरल्या मुलाची, म्हणजे युवराज एडवर्डची तऱ्हा मात्र नेमकी उलट. लंडनच्या ‘व्हाइट्स’ या जुन्या क्लबाने धूम्रपानावरील बंधने सैल करण्यास नकार दिला, तेव्हा १८६०च्या दशकाच्या अखेरीस त्याने मित्रांसह ‘मार्लबरो क्लब’ काढला. तेथे बहुतेक दालनांत धूम्रपानाला मुभा होती. १९०१ मध्ये राणीच्या निधनानंतर तो सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आला. तेव्हा मेजवानीनंतर हाती सिगार घेऊन त्याने उपस्थितांना धूम्रपानाची परवानगी दिली, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, एका राजवटीचा संकोच संपून दुसऱ्या राजवटीची हौस सुरू झाल्याचे ती अचूक सांगते. ‘बेन्सन अँड हेजेस’ ही पेढी १८७३ मध्ये निघाली आणि १८७८ मध्ये तिला राजघराण्याचा पुरवठादार असल्याचे अधिकृत मानचिन्ह मिळाले. राजचिन्ह मिरवणारे पाकीट खिशात बाळगणे, हे मध्यमवर्गीय माणसाला दरबारात पाऊल ठेवल्यासारखेच वाटले असणार.

याच सुमारास सिगारेटचे अर्थकारण पार पालटले. हाताने सिगारेट वळणारा कुशल कारागीर मिनिटाला जेमतेम चार-पाच नग वळत असे. अमेरिकेतील जेम्स बॉनसॅक याच्या यंत्राला १८८१ मध्ये पेटंट मिळाले. त्याचे यंत्र दहा तासांत सुमारे १ लाख २० हजार सिगारेटी तयार करू शकत होते. जेम्स ड्यूक या उद्योजकाने ते आपल्या कारखान्यात बसवले आणि मालाचा पूर आला. वस्तू स्वस्त झाली, मुबलक झाली. आता तिला गिऱ्हाईक हवे होते. गरज म्हणून सिगारेट कोणी विकत घेणार नव्हते. तेव्हा तिच्याबरोबर प्रतिष्ठा विकणे भाग होते.

रसायनशास्त्रही उद्योगाच्या मदतीला आले. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्याने त्यातील निकोटिन तोंडातल्या तोंडातही शोषले जाते आणि तो उग्र धूर सहसा छातीत घेतला जात नाही. उष्ण हवेवर सुकवलेल्या व्हर्जिनिया तंबाखूचा धूर सौम्य आणि आम्लधर्मी असतो. तो फुप्फुसात खोल ओढता येतो, किंबहुना ओढल्याशिवाय त्याचा अंमल चढत नाही. तेथून निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. नाजूक, सुबक आणि सौम्य म्हणून जी सिगारेट स्त्री-पुरुषांना सोयीची वाटली, तीच या सौम्यपणामुळे सर्वांत चिवट आणि सर्वांत घातक व्यसन ठरली.

केस, होल्डर आणि लायटर

प्रतिष्ठेला नेहमीच साजशृंगार लागतो. स्वस्त कागदात गुंडाळलेली तंबाखू कितीही झाले तरी दोन पैशांची वस्तू. तिला मोलाची करण्याचे काम सोनारांनी आणि जवाहिऱ्यांनी केले. रशियाच्या झारचा जवाहीर फॅबर्जे, पॅरिसची कार्टिए पेढी, लंडनचा आल्फ्रेड डनहिल यांच्याकडच्या सिगारेट-केस आणि लायटर हे श्रीमंतांचे दागिनेच बनले. एडवर्ड राजाची मैत्रीण अ‍ॅलिस केपल हिने १९०८ मध्ये त्याला फॅबर्जेची निळ्या मीनाकारीची केस भेट दिली. तिच्यावर हिऱ्यांनी मढवलेला, स्वतःचे शेपूट तोंडात धरलेला सर्प आहे. अखंड प्रेमाचे ते प्रतीक. राजाच्या मृत्यूनंतर राणी अलेक्झांड्राने ती केस केपलबाईंना परत केली आणि त्यांनी १९३६ मध्ये ती राणी मेरीकडे सोपवली. आज ती ब्रिटिश राजसंग्रहात आहे. प्रेयसीने द्यावी, पत्नीने सन्मानाने परत करावी आणि सुनेने जपून ठेवावी, इतके मोल एका सिगारेटच्या डबीला आले होते.

पोशाखही बदलला. कपड्यांना धुराचा वास लागू नये म्हणून पुरुषांनी मखमली ‘स्मोकिंग जॅकेट’ घालायला सुरुवात केली. फ्रेंच भाषेत मेजवानीच्या औपचारिक कोटाला आजही ‘स्मोकिंग’ म्हणतात आणि यिव्ह सँ लोराँ या वेशभूषाकाराने १९६६ मध्ये तोच कोट स्त्रियांसाठी बेतला, तेव्हा त्याने नावही तेच ठेवले. स्त्रियांच्या लांब होल्डरचा मूळ उद्देश व्यावहारिक होता. बोटांना आणि हातमोज्यांना डाग पडू नयेत, राख रेशमी वस्त्रांवर सांडू नये, एवढेच त्याचे काम. पुढे त्याचीही प्रतवारी झाली. मद्यपानाच्या बैठकीसाठी आखूड, नाट्यगृहासाठी लांब आणि ऑपेरासाठी सर्वांत लांब.

विकत घेतलेले स्वातंत्र्य

या साऱ्या थाटात स्त्रीने उघड्यावर सिगारेट ओढणे मात्र दीर्घकाळ निषिद्ध होते. जेवणानंतर स्त्रिया दिवाणखान्यात जात आणि पुरुष धूम्रपानाच्या दालनात. न्यूयॉर्क शहरात तर १९०८ मध्ये सार्वजनिक जागी स्त्रियांना धूम्रपान करू देण्यास मनाई करणारा नियमच मंजूर झाला होता. महापौरांनी तो पुढे फेटाळला. पहिल्या महायुद्धानंतर स्त्रिया नोकरीसाठी घराबाहेर पडल्या, १९२० मध्ये अमेरिकेत त्यांना राष्ट्रव्यापी मताधिकार मिळाला आणि तंबाखू कंपन्यांना अर्धी बाजारपेठ रिकामी पडलेली दिसली.

‘लकी स्ट्राइक’ बनवणाऱ्या अमेरिकन टोबॅको कंपनीने एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धितज्ज्ञाची मदत घेतली. सिग्मंड फ्रॉइडचा हा भाचा. त्याने ए. ए. ब्रिल या मनोविश्लेषकाचा सल्ला घेतला आणि स्त्रीच्या हातातील सिगारेट हे तिच्या मुक्ततेचे चिन्ह ठरू शकते, हा धागा पकडला. ३१ मार्च १९२९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर नटूनथटून फिरणाऱ्या धनिकांच्या गर्दीत काही तरुणींनी सिगारेटी पेटवल्या. त्यांना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ असे नाव देण्यात आले. तरुणींची निवड काळजीपूर्वक केलेली होती, छायाचित्रकारांना आधीच सूचना गेली होती. दुसऱ्या दिवशी मात्र वृत्तपत्रांनी ती उत्स्फूर्त बंडखोरी म्हणून छापली. यामागे सिगारेट कंपनीचा पैसा आहे, हे वाचकांना कळले नाही.

बर्नेजचा दुसरा पराक्रम याहून बोलका आहे. ‘लकी स्ट्राइक’चे हिरवे पाकीट आपल्या पोशाखाशी जुळत नाही, अशी स्त्रियांची तक्रार असल्याचे कंपनीला कळले. पाकिटाचा रंग बदलणे खर्चिक होते. बर्नेजने मग हिरवा रंगच लोकप्रिय करण्याचे ठरवले. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात एका रुग्णालयाच्या मदतीसाठी हिरव्या पोशाखातील नृत्यसमारंभ भरवण्यात आला. प्रतिष्ठित स्त्रिया यजमान होत्या, आमंत्रितांना हिरवी वस्त्रे बंधनकारक होती, फॅशनच्या नियतकालिकांत हिरव्याचा बोलबाला झाला. सिगारेटचा उल्लेख कोठेही नव्हता. उच्चभ्रू समाज आपल्या अभिरुचीने वागतो आहे असे समजत होता. वास्तविक तो एका पाकिटाच्या रंगाला साजेसा पोशाख करून नाचत होता.

याच काळात ‘कॅमल’च्या जाहिरातींत बड्या घराण्यांतील स्त्रिया नावानिशी झळकू लागल्या. पुढे रांगड्या घोडेस्वाराचे प्रतीक बनलेली ‘मार्लबरो’ १९२४ मध्ये स्त्रियांची सौम्य सिगारेट म्हणूनच बाजारात आली होती. ओठांच्या रंगाचा डाग दिसू नये म्हणून तिचे टोक काही काळ लाल ठेवलेले असे. आणि बर्नेज? तो स्वतःच्या पत्नीला सिगारेट सोडण्याचा आग्रह करी, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. उतारवयात तर तो धूम्रपानविरोधी चळवळीच्या बाजूने उभा राहिला.

रुपेरी पडद्याचा करार

उच्चभ्रूंच्या दिवाणखान्यात सामान्य माणसाला प्रवेश नव्हता, चित्रपटगृहात होता. तेथे धुराच्या वलयांआडून पाहणारी मार्लेन डीट्रिच, ओठांच्या कोपऱ्यात सिगारेट धरलेला हम्फ्री बोगार्ट आणि १९४२ च्या ‘नाऊ, व्हॉयेजर’मध्ये दोन सिगारेटी एकदम पेटवून त्यातील एक नायिकेला देणारा पॉल हेनरीड यांनी धुराला प्रणयाची भाषा दिली. १९६१ मधील ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’मधील ऑड्री हेपबर्नचा लांब होल्डर तर आजही भित्तिचित्रांवर दिसतो. हे सारे कलावंतांच्या लहरीने घडले नव्हते. अमेरिकन टोबॅको कंपनीच्या कागदपत्रांवर आधारित जे संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार १९३०च्या दशकात क्लार्क गेबल, गॅरी कूपर यांसारख्या आघाडीच्या ताऱ्यांना ‘लकी स्ट्राइक’ची भलामण करण्यासाठी १० हजार डॉलरपर्यंत रक्कम मिळत होती. बोगार्ट १९५७ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेला.

इयान फ्लेमिंगने आपल्या जेम्स बाँडला लंडनच्या मॉर्लंड पेढीच्या, तीन सोनेरी पट्ट्यांच्या खास सिगारेटी दिल्या. कारण तो स्वतः त्याच ओढत असे. १९६२ च्या ‘डॉ. नो’ चित्रपटात बाँडचा चेहरा प्रथम दिसतो तो उंची जुगारगृहात, सिगारेट पेटवताना. फ्लेमिंग १९६४ मध्ये हृदयविकाराने मरण पावला, तेव्हा त्याचे वय अवघे ५६ होते.

राजघराण्याने मोजलेली किंमत

ज्या घराण्याने सिगारेटला राजमान्यता दिली, त्याच घराण्यात तिची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजली गेली. दिवसाला बारा सिगार आणि वीस सिगारेटी ओढणारा म्हणून ख्यात असलेला सातवा एडवर्ड १९१० मध्ये श्वासनलिकेच्या दाहाने आणि हृदयविकाराने गेला. त्याचा मुलगा पाचवा जॉर्ज हाही अट्टल धूम्रपान करणारा. फुप्फुसांच्या जुनाट आजाराने त्याची अखेरची वर्षे ग्रासली आणि १९३६ मध्ये त्याचे निधन झाले. प्रेमासाठी गादी सोडणारा आठवा एडवर्ड १९७२ मध्ये पॅरिसमध्ये घशाच्या कर्करोगाने मरण पावला. त्याच्या जागी आलेला सहावा जॉर्ज याचे डावे फुप्फुस सप्टेंबर १९५१ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यातच शस्त्रक्रिया करून काढावे लागले. कर्करोगाचे निदान जनतेला तर नाहीच, पण खुद्द राजालाही सांगण्यात आले नाही. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी तो झोपेतच गेला.

त्याची धाकटी कन्या राजकुमारी मार्गारेट ही त्या घराण्यातील सिगारेटच्या वलयाची शेवटची मानकरी. लांब होल्डर हातात धरलेली तिची छबी १९५० आणि ६०च्या दशकांतील नियतकालिकांनी घरोघर पोहोचवली. जानेवारी १९८५ मध्ये तिच्या डाव्या फुप्फुसाचा काही भाग काढण्यात आला. ती गाठ कर्करोगाची निघाली नाही. पुढे पक्षाघाताचे झटके येत गेले आणि फेब्रुवारी २००२ मध्ये तिचे निधन झाले. तत्पूर्वी १९९९ मध्ये राजवाड्याने ‘बेन्सन अँड हेजेस’ला दिलेले मानचिन्ह काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला होता. एकशे वीस वर्षांहून अधिक जुने नाते संपुष्टात आले.

आपल्याकडचा साहेबी धूर

भारतात सिगारेट आली ती साहेबाच्या हातून. १९१० मध्ये कोलकाता येथे इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली. आजची आयटीसी ती हीच. तेव्हापासून विडी कष्टकऱ्याची आणि सिगारेट साहेबाची, ही विभागणी रूढ झाली. सिन्नर-सोलापूरकडच्या बायांनी तेंदूच्या पानात वळलेली विडी आणि डब्यातून येणारी विलायती सिगारेट यांत चवीपेक्षा दर्जाचे अंतर अधिक होते. मलबार हिलवर राहणारे, उंची सूट वापरणारे बॅरिस्टर महंमद अली जीना दिवसाला पन्नासच्या आसपास ‘क्रेव्हन ए’ सिगारेटी ओढत, असे त्यांच्याविषयीच्या लिखाणात येते. छातीच्या विकाराने पोखरलेल्या जीनांचे १९४८ मध्ये निधन झाले. त्या काळच्या बॅरिस्टरी रुबाबात सूट आणि सिगारेट यांची जोडी जमलेली होती.

या रुबाबाचे मर्म गांधीजींनी आत्मचरित्रात निर्व्याजपणे उघड केले आहे. लहानपणी काकांनी टाकलेली सिगारेटची थोटके चोरून ओढण्याचा नाद त्यांना लागला होता. त्यात ना चव होती ना वासाची आवड. तोंडातून धुराचे लोट काढण्यातच काही मौज आहे, असे त्या वयात वाटले, एवढेच. पुढे जगभरच्या जाहिरातदारांनी कोट्यवधी रुपये खर्चून हीच मौज विकली.

स्वातंत्र्यानंतर ‘विल्स’च्या ‘मेड फॉर ईच अदर’ या मोहिमेने देखण्या, सुशिक्षित जोडप्यांना सिगारेटचे दूत बनवले. हिंदी चित्रपटात ‘किस्मत’ (१९४३) मधील अशोककुमारपासून ‘हम दोनो’ (१९६१) मधील, लायटरच्या सुरावटीवर धूर सोडणाऱ्या देव आनंदपर्यंत अनेक नायकांनी मध्यमवर्गीय तरुणांना ही ऐट शिकवली. १९९६ ची क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा तर ‘विल्स’च्या नावानेच खेळली गेली. मुंबईतील नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करण्याचे आदेश दिले. २००३ च्या कायद्याने जाहिराती थांबल्या, २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या बंदीचे नियम कडक झाले आणि २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्याने व्यापला. मिरवायची वस्तू लपवायची झाली.

वलय उतरले, व्यसन उरले

१९५० मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी, तर अमेरिकेत अर्न्स्ट वायंडर आणि एव्हर्ट्स ग्रॅहॅम यांनी फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान यांचा संबंध दाखवून दिला. पुढे ३४ हजारांहून अधिक ब्रिटिश पुरुष डॉक्टरांची पन्नास वर्षे पाहणी करून डॉल यांनी २००४ मध्ये निष्कर्ष मांडला, की सिगारेट न सोडणारा माणूस सरासरी दहा वर्षे आधी मरतो. दिलासा एवढाच, की साठाव्या वर्षी सोडली तर तीन, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी सोडली तर जवळजवळ दहाही वर्षे परत मिळतात.

हे ज्ञान सर्वप्रथम पोहोचले ते सुशिक्षितांपर्यंत. ज्या वर्गाने सिगारेट फॅशनमध्ये आणली, त्याच वर्गाने ती आधी टाकली. १९४८ मध्ये ब्रिटनमधील ६५ टक्के पुरुष सिगारेट ओढत आणि त्यात गरीब-श्रीमंत असा फारसा भेद नव्हता. २०२३ मध्ये तेथील प्रौढांत हे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवर आले. पण कष्टाची कामे करणाऱ्यांत ते सुमारे २० टक्के आणि व्यवस्थापक-व्यावसायिकांत सुमारे ८ टक्के होते. श्रीमंतांनी फेकलेले थोटूक पुन्हा गरिबाच्याच हाती आले, आणि सेव्हिलच्या भिकाऱ्यापासून सुरू झालेले वर्तुळ असे पूर्ण झाले. भारतात २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ४ टक्के प्रौढ सिगारेट ओढणारे आढळले, तर विडी ओढणारे ७.७ टक्के, कर्करोगाच्या रुग्णालयाबाहेर पदपथावर मुक्काम ठोकणारी कुटुंबे कोणत्या थरातली असतात, हे मुंबईकरांना सांगायला नको.

मात्र वलय निर्माण करण्याची कला शाबूत आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये हुक्का पार्लरांवर आणि २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली. केंद्राने २०१९ मध्ये ई-सिगारेटवर घातली. कायद्यांची ही यादीच सांगते, की धुराला नवनवे वेष मिळत आहेत. फळांचे स्वाद, पेनासारखी सुबक नळी, पार्टीतील छायाचित्रे ही आजच्या पिढीची फॅबर्जेची केस आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना केवळ रोगाची भीती दाखवून भागत नाही, कारण त्या वयात मरण फार दूर भासते. त्यांना वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरियातील त्या हिरव्या नृत्याची गोष्ट सांगून पाहावी. आपली ऐट दुसऱ्या कोणीतरी पैसे मोजून ठरवली आहे, हे कळले की तिची नशा बरीचशी उतरते.